कॉर्नवॉलचा वाऱ्याचा किनारा: केप कॉर्नवॉल ते पोर्थकर्नो, दोन दिवसांची गटभटकंती

सागरवाट

नमस्कार मंडळी,

सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवार-रविवारी इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलच्या पश्चिम टोकाला चालायला जायचं जवळजवळ पक्कं झालं आहे. बरेच जण व्यक्तिगत निरोपातून तेच तेच विचारत आहेत, म्हणून सगळं एका जागी राहावं यासाठी हा धागा.

पहिला दिवस: केप कॉर्नवॉलहून निघायचं, केनिजॅक, बोटॅलॅक, लेव्हंट या जुन्या खाणींच्या जागा करत पेंडीनच्या दीपगृहापाशी थांबायचं. सहा-सात किलोमीटर. दुसरा दिवस: सेनन कोव्हहून लँड्स एंड, ग्वेनॅप हेड, पोर्थग्वारा करत पोर्थकर्नो. साधारण दहा किलोमीटर, पण चढउतार भरपूर.

ही वाट साउथ वेस्ट कोस्ट पाथचा एक तुकडा. माइनहेडपासून पूल हार्बरपर्यंत सगळी मिळून 1014 किलोमीटर. तिचा जन्म मला फार महत्त्वाचा वाटतो. चोरटी दारू, चहा, तंबाखू उतरवणाऱ्यांवर नजर ठेवायला किनारी पहारेकरी रोज पायी गस्त घालायचे. 1822 मध्ये त्यांचं कोस्टगार्ड दल उभं राहिलं. लपायची जागा म्हणजे कड्यांमधल्या घळी, त्यामुळे प्रत्येक घळीत डोकावणं भाग होतं. म्हणून ही वाट सोयीच्या सपाटीवरून जात नाही, कड्याच्या काठाकाठानं जाते आणि प्रत्येक ओढ्यापाशी खाली उतरून पुन्हा वर चढते. चालताना गुडघे बोलू लागले की आठवा, ही वाट फिरायला आलेल्यांसाठी आखलेलीच नव्हती. रात्री, पावसात, कंदील घेऊन चालणाऱ्या कामकरी माणसांच्या पायांनी ती पाडली. वाटेत पुढे जे जे अवशेष दिसतील त्यांच्याइतकीच ही पायाखालची वाट जुनी वस्तू म्हणून बघावी, असं माझं मनापासून म्हणणं आहे.

म्हणूनच अंतर मुद्दाम कमी ठेवलंय. प्रश्न विचारा, सूचना करा.

---

रानवारा

मी आणि बायको, दोघं नक्की.

एक सूचना. पेंडीन ते पोर्थकर्नो हे सगळं अंतर पंचवीस किलोमीटरच्या आसपास भरतं. सकाळी लवकर निघालो तर एका दिवसात होईल, आणि दुसरा दिवस सेंट आइव्ह्जला देता येईल. आपल्यातल्या बऱ्याच जणांनी सह्याद्रीत याहून मोठ्या चाली केल्या आहेत.

---

सागरवाट

रानवारा, चालून होईल यात शंका नाही. पण मग लेव्हंटला पंधरा मिनिटं, बोटॅलॅकला दहा, असं करत धावावं लागेल. ग्वेनॅप हेडचे दोन शंकू तर कुणी वळूनही बघणार नाही. शिवाय सप्टेंबरअखेर तिथे सात-सव्वासातला सूर्य मावळतो. गटातला सर्वांत सावकाश माणूस अंधारात कड्यावर राहता कामा नये.

दुसरं कारण वाऱ्याचं. तिथे वारा बहुतेक नैर्ऋत्येकडून येतो. पेंडीनकडून केपकडे चालायचं म्हणजे सगळा वेळ तो तोंडावर. म्हणून पहिल्या दिवशी नेहमीची दिशा उलटी केली आहे: केपहून पेंडीनकडे, वारा पाठीशी. दुसऱ्या दिवशी सेनन ते लँड्स एंड हे दोनेक किलोमीटर तो तोंडावर घ्यावा लागेल, पण तिथून पुढे वाट आग्नेयेला वळते. एका दिवसात सगळं एका दमात करायचं तर ही सोय हातची जाते.

---

गारगोटी

वाऱ्याबद्दल थोडं सविस्तर लिहितो. गटात नवे लोक आहेत, आणि हवामानाच्या ॲपमधला आकडा बघून नेमकं काय समजायचं ते बऱ्याच जणांना ठाऊक नसतं.

ब्रिटिश नौदलातल्या फ्रान्सिस ब्यूफोर्टनं 1805 मध्ये वाऱ्याची मोजपट्टी केली, तेव्हा त्यात वेगाचे आकडे नव्हते. युद्धनौकेला किती शिडं झेपतील, यावरून वाऱ्याचा जोर ठरायचा. आपणही तसंच बघावं: या वाऱ्यात माणसाला काय झेपेल? सहा नंबरचा वारा म्हणजे ताशी 39 ते 49 किलोमीटर, छत्री धरणं अवघड जातं. सात म्हणजे 50 ते 61, वाऱ्याच्या विरुद्ध चालणं जड जातं. आठ म्हणजे 62 ते 74, पाऊल पुढे टाकणंच अवघड होतं. आणि वेग दुप्पट झाला की अंगावरचा दाब दुप्पट होत नाही, चौपट होतो. म्हणून तीसवरून साठवर गेलेला वारा "थोडा जास्त" नसतो.

पण आकड्याहून दिशा महत्त्वाची. समुद्राकडून येणारा वारा आपल्याला जमिनीकडे ढकलतो. दमवतो, पण काठापासून लांब ठेवतो. जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा वारा आकड्यात कमी असला तरी मला त्याची जास्त धास्ती वाटते, कारण तो काठाकडे ढकलतो. तोही एकसारखा नाही, झोतांनी. माणूस नकळत वाऱ्यावर रेलून चालू लागतो, मध्येच झोत थांबतो आणि तोल त्या बाजूला जातो. घळीच्या तोंडाशी आणि खाणीच्या जुन्या इंजिनघराच्या भिंतीचा आडोसा संपतो तिथे हे हमखास होतं.

लँड्स एंड ते पोर्थकर्नो चालताना समुद्र उजव्या हाताला असेल आणि नैर्ऋत्येचा वारा उजवीकडूनच येईल. सागरवाटनं दिशा बरोबर निवडली आहे. पण वारा ईशान्येकडून फिरला तर हाच टप्पा वाईट. अंदाज बघताना ब्रिटिश हवामान खात्याचा किनारी पाण्याचा अंदाज बघा. त्यात लँड्स एंडपाशी दोन विभाग जुळतात, एक लाइम रीजिसपासून तिथवर येणारा आणि दुसरा तिथून सेंट डेव्हिड्स हेडपर्यंत जाणारा. आपले दोन दिवस दोन वेगळ्या विभागांत पडतात, तेव्हा दोन्ही वाचा.

---

झुळूक

गारगोटी, फार उपयोगी. मग चालणं रद्द करायचं ते नेमकं कशावर? आदल्या रात्री वाद नकोत.

---

सागरवाट

झोतांचा अंदाज ताशी 60 किलोमीटरच्या वर असेल तर कड्यावरची चाल नाही. वारा जमिनीकडून असेल तर 45 च्या वर नाही. हा काही सरकारी नियम नाही, आपल्या गटापुरता मी ठरवलेला आकडा आहे आणि तो सकाळी बदलायचा नाही. मग त्या दिवशी काय, तर पोर्थकर्नोचं तारायंत्र संग्रहालय. ते इतकं भरलेलं आहे की दिवस वाया जाणार नाही.

---

दूरबीण

बोटॅलॅक आणि लेव्हंटबद्दल लिहायला हात शिवशिवतायत, म्हणून घुसतो.

तिथली सगळ्यात जास्त फोटो काढली जाणारी जागा म्हणजे बोटॅलॅकची क्राउन्स नावाची दोन इंजिनघरं. कड्याच्या पायथ्याशी, जवळजवळ लाटांच्या तुषारांत उभी. पर्यटक विचारतात, "इतक्या खाली, इतक्या अवघड जागी का बांधली?" कारण कथील आणि तांब्याच्या शिरा समुद्राखाली शिरलेल्या होत्या. खाण समुद्रतळाखाली गेली की तिच्यात पाणी झिरपणारच, आणि पाणी उपसणारा पंप शाफ्टच्या, म्हणजे खाणीत उतरणाऱ्या विहिरीसारख्या वाटेच्या, तोंडाशीच हवा. खालचं घर पाणी उपसणाऱ्या इंजिनाचं. वरचं ओढकामाच्या इंजिनाचं, त्याच्या मदतीनं समुद्राखाली तिरक्या उतरणाऱ्या शाफ्टमधून माल वर यायचा. 1865 मध्ये प्रिन्स आणि प्रिन्सेस ऑफ वेल्स त्याच तिरक्या शाफ्टनं खाली उतरले होते, त्यानंतर बघ्यांची रीघ लागली.

लेव्हंटच्या खोदकामांची लांबी समुद्राखाली मैलाहून जास्त होती. वादळात वरच्या समुद्रतळावर धोंडे गडगडायचे, तो आवाज खाली काम करणाऱ्यांना ऐकू यायचा, असं इथल्या समुद्राखालच्या खाणींबद्दल सांगतात. आपण वर वारा वारा करतो, त्याच वाऱ्यानं उठवलेल्या लाटा त्यांच्या डोक्यावर होत्या.

वर्षांनुवर्षं माणसं शिड्यांनीच चढ-उतर करायची. दिवसभर खडक फोडल्यावर शेकडो फूट शिडी. मग लेव्हंटला 1857 मध्ये मॅन एंजिन आलं. शाफ्टमध्ये एक लांबच लांब दांडा वर-खाली व्हायचा, त्यावर ठरावीक अंतरानं पायऱ्या. दांडा वर गेला की बाजूच्या फळीवर उतरायचं, दांडा खाली येऊन पुन्हा वर निघाला की पुढच्या पायरीवर चढायचं. 20 ऑक्टोबर 1919 ला पाळी संपवून माणसं वर येत असताना दांड्याचा वरचा लोखंडी जोड तुटला. 31 माणसं गेली. एवढ्याशा वस्तीतली 31 घरं. खाणीचे खालचे मजले पुन्हा कधी चालू झाले नाहीत, आणि 1930 मध्ये ती बंद पडली.

तिथल्या 1840 च्या बीम इंजिनाचं (जाड तुळई वर-खाली हलवणारं वाफेचं इंजिन) मात्र भाग्य निराळं. भंगारात जायच्या बेतात होतं, 1935 मध्ये काही लोकांनी समिती करून ते वाचवलं. कित्येक दशकांनी स्वयंसेवकांनी गंज खरवडून ते पुन्हा वाफेवर चालतं केलं. चालू असेल त्या वेळी गेलात तर दहा मिनिटं नुसतं उभं राहून बघा. ही जागा सांभाळणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेकडे वेळा बघून घ्या.

---

सोनसावली

दूरबीण, 31 घरं वाचून काही वेळ पुढे वाचवेना.

माझी एक तक्रार आहे, या धाग्यावर नाही, एकूणच. या इंजिनघरांचे सूर्यास्तातले फोटो बघून लोक "किती रम्य" म्हणतात. बोटॅलॅकला वरच्या बाजूला सोमल (आर्सेनिक, जहाल विष) शुद्ध करायच्या भट्टीचे अवशेष आहेत, नागमोडी दगडी बोळ. कथलाच्या खनिजातला सोमल भाजून त्याचा धूर त्या बोळांतून फिरवायचे, थंड होऊन भिंतींवर पांढरी पूड साचायची, आणि ती माणसं आत शिरून खरवडायची. नाकात कापसाचे बोळे, चेहऱ्याला चिकणमाती, बस्स. पृष्ठभागावर खनिज फोडायचं काम बायका आणि मुली करायच्या. त्यांना बाल मेडन म्हणत ('बाल' म्हणजे तिथल्या कॉर्निश भाषेत खाण). हातोडा घेऊन उघड्यावर, याच वाऱ्यात. त्यांच्या डोक्यावरची मोठी टोपी फोटोत छान दिसते, पण ती ऊन-वारा आणि उडणाऱ्या कपच्यांपासून तोंड वाचवायला होती.

गटानं सोमलाच्या भट्टीपाशी थांबावंच, अशी माझी विनंती.

---

सागरवाट

सोनसावली, थांबायचंच. तो थांबा यादीत नव्हता, आता घातला. तिथे भिंतींना हात लावू नका, मुलांना वाकून माती उकरू देऊ नका. आणि या सगळ्या पट्ट्यात पायवाट सोडायची नाही. गोल दगडी कठडे दिसतील ते जुन्या शाफ्टचे, कठड्यावर चढून आत डोकावणं बंद. फोटोसाठीसुद्धा नाही.

---

गारगोटी

कॉर्नवॉलच्या खाणकामाचा भारताशीही धागा आहे. इथल्या खाणी मंदावल्या तशी इथली कसबी माणसं जगभर पांगली, आणि त्यातली बरीच कोलारच्या सोन्याच्या खाणीत पोचली. कोलार चालवणारी जॉन टेलर अँड सन्स ही कंपनी कॉर्नवॉलमध्येही मुरलेली. खोल खाणीत पाणी, हवा, आधार यांचं काय करायचं, हे ज्ञान या वाऱ्याच्या कड्यांवरून तिकडे गेलं. 2006 मध्ये हा सगळा खाणप्रदेश जागतिक वारसा ठरला, तो केवळ इमारतींमुळे नाही. इथलं तंत्र आणि माणसं जगभर गेली, तेही त्यामागचं कारण.

---

तारायंत्र

भारताचा विषय निघाला, आता माझी पाळी. पोर्थकर्नोसाठीच मी येतोय.

दुसऱ्या दिवशी आपण जिथे चाल संपवणार त्या छोट्या पुळणीवर जून 1870 मध्ये समुद्राखालची तार किनाऱ्याला लागली. पोर्थकर्नोहून पोर्तुगाल, जिब्राल्टर, माल्टा, पुढे अलेक्झांड्रिया, सुएझ, एडन आणि मुंबई. एडन-मुंबई टप्पा ग्रेट ईस्टर्न या अवाढव्य जहाजानं टाकला होता. पत्राला आठवडे लागायचे तिथे निरोप मिनिटांत जाऊ लागला. मूळ बेत तार फाल्मथला आणायचा होता. पण फाल्मथ गजबजलेलं बंदर, जहाजांच्या नांगरांनी तार तुटण्याची भीती. म्हणून ही आडबाजूची, वाळूची, कड्यांनी वेढलेली घळ निवडली. पुढे इथे चौदा तारा आल्या आणि हे जगातलं समुद्री तारांचं सर्वांत मोठं ठाणं बनलं.

तारेभोवती गटापर्चाचं वेष्टण असे, एका झाडाचा चीक. हजारो किलोमीटर आलेला इशारा इतका क्षीण की तो वाचायला आरसा लावलेलं नाजूक यंत्र लागे. आरसा किंचित हलला की भिंतीवरचा प्रकाशाचा ठिपका डावी-उजवीकडे सरके, आणि कारकून डोळे ताणून अक्षरं लिहून घेई. रात्रपाळीत, बाहेर वादळ असताना, असा ठिपका बघत बसलेला मुलगा माझ्या डोळ्यांसमोर येतो. वडील तारखात्यात होते, त्यामुळे असेल.

दुसऱ्या महायुद्धात बाँबहल्ल्याच्या भीतीनं ठाण्यासाठी कड्यात बोगदे खोदले. खोदणारे कोण, तर इथलेच खाणकामगार. ते बोगदे आता संग्रहालयाचा भाग आहेत. पहिल्या दिवशीच्या खाणी आणि दुसऱ्या दिवशीची तार तिथे एकत्र येतात. म्हणूनच दोन्ही दिवस यायला हवं असं मला वाटतं, एकच दिवस येणाऱ्यांनी फेरविचार करावा.

---

रानवारा

तारायंत्र, पटलं. एका दिवसाचा हट्ट मागे घेतो. सेंट आइव्ह्ज पुन्हा कधीतरी.

ग्वेनॅप हेडच्या शंकूंचा उल्लेख झाला, ते काय आहे?

---

दूरबीण

जमिनीवर उभे केलेले दोन शंकू. समुद्राकडचा लाल, मागचा काळा-पांढरा. जहाजांसाठी दिवसाची खूण. टोकाबाहेर पाण्याखाली रनेल स्टोन नावाचा खडक आहे, त्यावर कित्येक जहाजं फुटली. नियम असा: काळा-पांढरा शंकू सतत दिसत राहिला पाहिजे. लाल शंकूनं तो पुरता झाकला, तर तुम्ही खडकावर आहात. ना वीज, ना दिवा, नुसती भूमिती. आपण वाटेवरून बघतो तेव्हा ते जरा विचित्र दिसतात, कारण ते आपल्यासाठी नाहीतच, समुद्रावरून बघायचे आहेत.

तिथेच नॅशनल कोस्टवॉच इन्स्टिट्यूशनची चौकी आहे. कॉर्नवॉलच्याच लिझर्ड टोकाजवळची टेहळणी चौकी बंद केल्यानंतर तिथेच दोन मच्छीमार बुडाले, त्यातून 1994 मध्ये ही स्वयंसेवकांची संस्था उभी राहिली. आजही माणसं दुर्बीण घेऊन समुद्रावर नजर ठेवून बसतात. सागरवाटनं वर लिहिलेल्या गस्तीचं काम अजून संपलेलं नाही म्हणायचं.

सेननहून निघाल्यावर लगेच मेन कॅसल लागतं. लोहयुगातला टोकावरचा किल्ला. तीन बाजूंनी कडा, चौथ्या बाजूला आडवी दगडी भिंत. आता भिंत म्हणजे दगडांची रास, नजर ठेवली नाही तर ओलांडून पुढे जाल. समोर समुद्रात लाँगशिप्सचं दीपगृह. सध्याचा मनोरा 1873 चा.

---

झुळूक

आई माझ्याकडे आलेली आहे, वय सत्तरच्या पुढे. रोज चालते, पण उतार आणि पायऱ्यांवर गुडघा त्रास देतो. तिला यायची फार इच्छा आहे. आणता येईल का? स्पष्ट सांगा, राग येणार नाही.

---

सागरवाट

काकूंना जरूर आणा, पण पूर्ण चालीला नको. पहिल्या दिवशी त्यांनी बोटॅलॅकला गाडीनं यावं, वाहनतळ वरच आहे. सोमलाची भट्टी तिथून जवळ, आणि क्राउन्सची घरं वरूनही दिसतात, खाली उतरायची गरज नाही. लेव्हंटलाही गाडी पोचते.

दुसऱ्या दिवशी सेननहून लँड्स एंडपर्यंत त्या आपल्याबरोबर चालू शकतील, सुरुवातीचा चढ सावकाश घेतला तर. त्यापुढचा नांजिझलचा उतार-चढ आणि पोर्थकर्नोला उतरायच्या शेवटच्या उभ्या दगडी पायऱ्या त्यांनी टाळाव्यात. त्या पायऱ्या वाऱ्यात मलाही आवडत नाहीत. वरच मिनॅकचं खुलं नाट्यगृह आहे. रोवेना केडनं माळ्याच्या मदतीनं कड्यात कोरत नेलेलं, 1932 मध्ये पहिला प्रयोग झाला. आम्ही पायऱ्या उतरून येईपर्यंत काकूंनी खाली संग्रहालयात तारायंत्रबरोबर बसावं. तारायंत्र, चालेल ना?

---

तारायंत्र

चालेल काय, धावेल. काकूंना आरशाचं यंत्र मी दाखवतो. मीही शेवटचा टप्पा गाडीनंच करेन.

---

सागरवाट

मग गटाची घडी अशी. पुढे मी, शेवटी गारगोटी. गारगोटीच्या मागे कुणी राहायचं नाही. फाटक आणि ओढा आला की पुढच्यांनी थांबायचं, शेवटचा माणूस आल्यावर लगेच निघायचं नाही, त्यालाही दम घेऊ द्यायचा. कड्यावर दोघं शेजारी शेजारी चालायचं नाही. पाठीवरच्या सॅकला बाहेरून काही लटकवू नका, वारा ते धरून तुम्हाला फिरवतो. पातळ पण वारा अडवणारं जॅकेट, कानटोपी, घोट्याला आधार देणारे बूट. पोंचो आणू नका, त्याचं शीड होतं. काही झालं तर 999 फिरवून कोस्टगार्ड मागायचं. नेटवर्क घळींमध्ये जातं, तेव्हा वर चढून प्रयत्न करायचा.

येणाऱ्यांनी इथे खाली दिवस लिहा: शनिवार, रविवार की दोन्ही. गाड्या कुणाकडे आहेत तेही लिहा. चाल एका टोकाला सुरू होऊन दुसऱ्या टोकाला संपते, म्हणून सकाळी एक गाडी पेंडीनला आणि दुसऱ्या दिवशी एक पोर्थकर्नोला आधी नेऊन ठेवावी लागेल.

---

रानवारा

दोघं, दोन्ही दिवस. आमची गाडी शनिवारी पेंडीनला ठेवतो, पाच जण बसतील.

---

सोनसावली

दोन्ही दिवस. गाडी नाही. बोटॅलॅकला बाल मेडनबद्दल दहा मिनिटं बोलायची तयारी करून येते, आडोसा बघून ठेवा म्हणजे सगळ्यांना ऐकू येईल.

---

झुळूक

आई आणि मी, दोन्ही दिवस. शनिवारी आमची गाडी केपहून बोटॅलॅकला मी चालवत नेईन आणि तिथून आईसोबतच राहीन, त्यामुळे चालणाऱ्यांत मला धरू नका. रविवारी लँड्स एंडपर्यंत दोघी चालतो, पुढे आईला तिथून पोर्थकर्नोला कोण सोडेल?

---

गारगोटी

रविवारी सकाळी माझी गाडी लँड्स एंडला ठेवतो आणि तिथून सेननला तुमच्याकडे चालत येतो. किल्ली तारायंत्रकडे. काकू आणि ते तिथून गाडीनं पुढे, झुळूक आमच्याबरोबर चालेल. तीच गाडी पोर्थकर्नोला पोचलेली असेल, म्हणजे परतीचंही काम झालं.